नावात कॉकटेल, कपात चहा

आस्वाद

‘लाँग आयलंड आइस्ड टी’ नावाचे एक पेय मोठ्या हॉटेलांच्या यादीत असते. नाव वाचून एखादा साधाभोळा पाहुणा ते मागवतो आणि ग्लास अर्धा होईपर्यंत त्याच्या पायाखालची फरशी हलू लागते. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याच्या सालीची गोड लिकर अशी पाच मद्ये त्यात एकत्र नांदत असतात. वर लिंबाचा रस आणि थोडा कोला. चहासारखा असतो तो फक्त रंग. चहाचे पान त्यात औषधालाही सापडत नाही.

गेल्या काही वर्षांत याच्या नेमका उलटा प्रकार चहाच्या दुकानांत दिसू लागला आहे. देखण्या डब्यांवर नावे असतात ‘मोहितो’, ‘पीना कोलाडा’, ‘ओल्ड फॅशन्ड’, ‘सांग्रिया’. आत मात्र चहा, वाळवलेली फळे, साली आणि पाने. युरोप-अमेरिकेतील सुगंधी चहाच्या दुकानांतून निघालेली ही टूम आता आपल्या मोठ्या शहरांतील दुकानांत आणि दिवाळीच्या भेटींच्या खोक्यांतही येऊन पोचली आहे.

असा डबा घरात आला की त्याच्याभोवती तीन प्रश्न उभे राहतात. सासूबाई विचारतात, ‘यात दारू आहे का गं?’ आले-वेलचीच्या दुधाळ चहावर वाढलेले सासरे विचारतात, ‘पण यात चहा आहे का?’ आणि महिन्याचा हिशेब सांभाळणारी सून मनातल्या मनात म्हणते, ‘एवढे पैसे मोजावेत असे यात आहे तरी काय?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांतला मधला, सासऱ्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर जाहिरातीत नव्हे, कपातच मिळते.

पाच जिन्नसांचे जुने नाते

चहा आणि कॉकटेल यांची सोयरीक आजची नाही. कॉकटेलचे एक थोर पूर्वज म्हणजे ‘पंच’. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी हे पेय हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून विलायतेला नेले. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान आणि इराणात हिंडला. मुंबई, जुन्नर, गोवा त्याने पाहिले. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले आहे, की गोव्याजवळच्या नेरूळ गावी उत्तम मद्य निघते, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ करतात आणि पाच जिन्नस असतात म्हणून त्याला हे नाव. म्हणजे आपल्या पंचामृतातला ‘पंच’च तो! ही व्युत्पत्ती सगळ्याच भाषापंडितांना मान्य नाही, पण सर्वांत प्रसिद्ध तीच आहे.

मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. मसाल्याच्या जागी कित्येकदा चहाही येई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात गाजलेल्या ‘रीजंट्स पंच’मध्ये हिरव्या चहाचा काढा घालत. चहामुळे पेयाला अंग येते आणि शेवटी जिभेवर तुरटपणा रेंगाळतो, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते.

‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात आली. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, असे तीत म्हटले होते. या चौकडीत चहा ठेवून पाहा. पाणी चहात आहेच. कडवटपणा आणि तुरटपणा त्याच्या पानातच आहे. साखर आपण घालतो. उरते ते मद्य. म्हणजे मद्याची जागा भरून काढण्याची ताकद ज्या पानात आहे, त्यालाच कॉकटेलचे नाव शोभते. पानच फिके असेल तर उरते नुसते अत्तर. कोणताही डबा विकत घेताना एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

सुगंध पानात कसा उतरतो?

चहाचे पान वासाच्या बाबतीत फार हळवे असते. शेजारी जो असेल त्याचा वास ते उचलते. मसाल्याच्या फडताळात उघडी ठेवलेली चहाची पुडी आठवडाभरात हिंगाळते, हा अनुभव बहुतेक घरांत असतोच. या दुर्गुणाचा चिनी लोकांनी शतकानुशतकांपूर्वी गुण करून घेतला. फुजियान प्रांतातील फूचौ येथे हिरव्या चहात मोगऱ्याच्या जातीच्या ताज्या कळ्या मिसळतात. कळ्या रात्री उमलतात, पान सुगंध पिऊन घेते, सकाळी फुले बाजूला काढून पान पुन्हा वाळवतात. उंची चहासाठी हा विधी अनेक रात्री चालतो.

पुढे बर्गमॉट आले. इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रिया भागात पिकणाऱ्या या आंबट फळाच्या सालीचे तेल चहाला लावले की झाला ‘अर्ल ग्रे’. १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या ग्रे साहेबांचे नाव त्याला चिकटले आहे. आज आपण सुगंधी चहा म्हणतो त्याचे हे आदर्श उदाहरण. फूल नाही, फळाचा तुकडा नाही, फक्त तेलाचा हलका हात.

कॉकटेलच्या नावाचे चहा बहुधा याच वाटेने तयार होतात. मोठ्या फिरत्या पिंपात पाने घालतात, त्यांवर सुगंधी द्रव्याचा बारीक फवारा मारतात, मग वाळकी फळे, साली, पाकळ्या मिसळतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग हे बंदर अशा मिश्रणांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. फुले-पाकळ्या डोळ्यांसाठी असतात. नाकाला भुलवण्याचे काम मुख्यतः फवारा करतो. यात गैर काही नाही. गैर एवढेच, की फवाऱ्याच्या जोरावर हलके पान खपवता येते. खमंग फोडणीखाली शिळी भाजी लपवावी, तसे.

मोहितोची परीक्षा

या सगळ्या कुळात परीक्षेला घ्यावा असा चहा म्हणजे मोहितो, कारण त्याचे मूळ पेय साधे आहे आणि त्यातले बहुतेक जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात असतात. मोहितो मूळचा क्यूबाचा. पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा. मोजून पाहिले तर पुन्हा पाचच! चहाच्या डब्यात रमऐवजी बहुधा ‘गनपावडर’ हा हिरवा चहा असतो. चीनच्या झेजियांग प्रांतातला हा चहा वळून बारीक गोळ्या केलेला असतो आणि दिसायला बंदुकीच्या दारूसारखा, म्हणून हे नाव. सासूबाईंच्या प्रश्नाला ‘हो, दारू आहे, पण बंदुकीची’ असे उत्तर देण्याचा मोह कोणालाही व्हावा!

गनपावडर आणि पुदिना यांची जोडी मात्र कॉकटेलवाल्यांनी जमवलेली नाही. १८५०च्या दशकात क्रिमियाच्या युद्धामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांची नेहमीची गिऱ्हाइके तुटली, तेव्हा त्यांनी हा चहा मोरोक्कोच्या बंदरांत उतरवला. तिथे तो ताज्या पुदिन्याशी आणि भरपूर साखरेशी असा जमला, की आज पाहुणचाराची ती खूणच झाली आहे. मोहितो चहा हा मोरोक्कोच्या चहाचा लिंबाशी झालेला दुसरा संसार, असे म्हटले तरी चालेल.

चहाची पारख करणारे व्यावसायिक ठरलेल्या मापाने चालतात. आंतरराष्ट्रीय प्रमाण असे, की १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतेच उकळलेले पाणी आणि ६ मिनिटे वेळ. एवढा कडक चहा प्यायचा नसतो. दोष उघडे पडावेत म्हणून तो तसा करतात. घरच्या परीक्षेसाठी इतके कठोर व्हायला नको. पाच पायऱ्या पुरेशा आहेत.

पहिली, कोरडे पान. पांढऱ्या बशीत दोन चमचे चहा ओतावा. वळलेल्या गोळ्या अखंड दिसाव्यात, पुदिन्याची पाने ओळखू यावीत, सालीचे तुकडे दिसावेत. तळाशी भुकटीच जास्त असेल तर पान जुने किंवा हलके. वाळलेल्या पुदिन्याचा वास मंद, थोडा गवतासारखा असतो. डबा उघडताच पेपरमिंटच्या गोळीसारखा भपका आला, तर तो पानाचा नाही, फवाऱ्याचा समजावा.

दुसरी, ओले पान. पाणी उकळून चार-पाच मिनिटे थांबावे. साधारण ८० अंशांवर आले की हिरव्या चहावर ओतावे. उकळते पाणी घातले की हिरवा चहा कडू होतो. दोन-तीन मिनिटांनी झाकण उचलून वास घ्यावा. कोरडेपणी लपलेला चहाचा मूळ गंध इथे वर येतो. उकडलेल्या पालेभाजीसारखा, किंचित भाजल्यासारखा. तो आलाच नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

तिसरी, गरम घोट, आणि तोही भुरका मारून! घरात ज्याला वाईट वळण म्हणतात, तेच कोलकात्याच्या चहाच्या लिलावासाठी काम करणाऱ्या पारख्यांचे कौशल्य असते. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे तुषार तोंडभर पसरतात आणि गंध घशामागून नाकात चढतो.

चौथी, गार घोट. कप निवू द्यावा. गरमपणी गंध पुढे असतो, निवल्यावर चव. हलक्या मिश्रणात निवल्यावर साबणासारखी किंवा औषधी चव मागे राहते.

पाचवी आणि खरी परीक्षा, दुसरे पाणी. त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी ओतावे. फवाऱ्याचा सुगंध बराचसा पहिल्याच पाण्यात निघून जातो. गनपावडरच्या गोळ्या मात्र तोवर कुठे उलगडायला लागलेल्या असतात. दुसऱ्या पाण्यातही अंग, कडवटपणा आणि तुरटपणा राहिला, तर डब्यात चहा आहे. नुसतेच गरम पाणी लागले, तर सासऱ्यांचा संशय खरा ठरला.

नाक जाणते ते जिभेला कळत नाही

चांगल्या मोहितो चहाचा घोट कसा लागतो? आधी लिंबाच्या सालीचा तजेला, मग पुदिना, मध्ये हिरव्या चहाचा गवताळ कडवटपणा आणि शेवटी जिभेच्या कडांना जाणवणारा तुरटपणा. आपल्या भाषेत ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे म्हणून बरे. चहाचा मोठेपणा त्या एका शब्दात मावतो.

तरीही अनेकांचा पहिला अभिप्राय असतो, ‘हे तर पुदिन्याचे पाणी!’ त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जीभ मुख्यतः गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात किंवा टोमॅटोत लागतो तो रसदारपणा, एवढेच ओळखते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बरेचसे नाकाचे काम. डब्यातल्या सालीतून लिंबाचा गंध येतो, पण आंबटपणा रसात असतो, तो येत नाही. साखर नाही, सोड्याची चुरचुर नाही. नाक म्हणते मोहितो आणि जीभ म्हणते कुठे आहे? या भांडणात चहा हकनाक बदनाम होतो.

रमची ऊबही नसते. मद्य तोंडात जाळते ते उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवून. आले आणि मिरीही तेच करतात, आणि पेपरमिंटमधला मेन्थॉल याच्या उलट थंडी ओळखणाऱ्या तंतूंना फसवतो. या शोधाच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच जाणकार मिश्रणकार रम किंवा व्हिस्कीच्या ढंगाच्या चहात आले, मिरी, दालचिनी यांची चिमूट घालतात. आपल्या आल्याच्या चहाची ऊब याच घराण्यातली.

पुदिन्याची तर आणखी एक गंमत आहे. आपल्या नेहमीच्या पुदिन्याचा गंध मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा. डावा हात आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा, तसे या द्रव्याचे दोन प्रकार आहेत. एक पुदिन्यात असतो, दुसरा बाळंतशेपात. घडण सारखी, फक्त उलटी. पण नाक एकाला चटणी म्हणते आणि दुसऱ्याला बाळंतिणीची खोली. एवढे तल्लख इंद्रिय देवाने फुकट दिलेले असताना डब्यावरच्या चित्राला का भुलायचे?

भांडण मिटवण्याचा उपाय सोपा आहे. मोहितो चहा दुप्पट कडक करून गार करावा, त्यात लिंबाचे चार थेंब, चमचाभर साखरेचा पाक आणि वरून सोडा घालावा. मघाशी गैरहजर असलेली मंडळी हजर झाली, की पेय एकदम जिवंत होते.

यात दारू आहे का?

आता सासूबाईंचा प्रश्न. अशा चहात रम, व्हिस्की किंवा वाइन घातलेली नसते. मात्र सुगंधी द्रव्ये विरघळवण्यासाठी जे द्रव वापरतात त्यांत अल्कोहोलही असू शकते. फवाऱ्यानंतर ते बहुतांश उडून जाते आणि कपापर्यंत नशा येण्याइतके काही पोचत नाही. धार्मिक नियमांमुळे तेवढेही चालत नसेल, तर उत्पादकाला विचारून घ्यावे किंवा फवारा न मारलेले, केवळ पाने-सालींचे मिश्रण निवडावे.

पण या प्रश्नाला दुसरी, अधिक गंभीर बाजू आहे. ज्या घरात कोणी कष्टाने दारू सोडली आहे, तिथे हा डबा भेट देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला जुना वास, जुना ग्लास, जुने नावसुद्धा त्या वाटेवर परत ओढू शकते. व्यसनमुक्तीचे काम करणारे या ओढीबद्दल नेहमी सावध करतात. काहींना असे पेय आधार वाटते, काहींना ती घसरण वाटते. ते ठरवण्याचा हक्क त्याच माणसाचा. ‘अरे, यात काही नाही, घे!’ असा आग्रह त्याला कधी करू नये. पुदिन्याचा चहा देणे वेगळे आणि रमच्या वासाचा चहा पुढे करणे वेगळे.

याउलट, मुळातच न पिणाऱ्यांची पार्टीत होणारी कुचंबणाही खरी आहे. सगळ्यांच्या हाती ऐटदार पेले आणि यांच्या हाती लहान मुलांचे गोडमिट्ट शीतपेय. गार, कडवट-तुरट, लिंबाची चकती लावलेला चहा हे मोठ्या माणसाचे पेय आहे. तो सावकाश पिता येतो, गप्पांना पुरतो आणि रात्री गाडी चालवून घरी जाता येते. दारूबंदी असलेल्या बडोद्यातल्या मराठी घरातही तो बिनधास्त चालेल!

डब्यावरचा मजकूर

राहिला सुनेचा प्रश्न, पैशांचा. त्याचे उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा आपल्याकडे नियम आहे. यादीत पहिले नाव चहाचे असेल तर पैसे चहाला पडले. पहिले सफरचंदाचे तुकडे, दुसरे जास्वंद आणि चहा पाचवा असेल, तर तो फळांचा काढा. आपल्या अन्नविषयक नियमांत चहा म्हणजे ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झुडपाचे पान, हे लक्षात ठेवावे. सुगंध नैसर्गिक, निसर्गसमान की कृत्रिम, हेही लेबलावर असावे लागते.

मग कपांचा हिशेब. हिरवा किंवा काळा चहा कपाला सुमारे २ ग्रॅम लागतो. ५० ग्रॅमच्या डब्यात २५ कप. अननस-खोबऱ्याच्या तुकड्यांचे जड मिश्रण कपाला ४ ते ५ ग्रॅम घालावे लागते. तेवढ्याच डब्यात १० ते १२ कपच होतात. दोन डब्यांच्या किमती सारख्या दिसल्या तरी कपाचा भाव दुप्पट असतो.

मधुमेह असलेल्यांनी पीना कोलाडासारख्या मिश्रणातील पाकवलेल्या फळांकडे लक्ष द्यावे. साखर तिथे दडलेली असते. गोडीसाठी ज्येष्ठमध घातलेले असेल आणि रक्तदाबाचा त्रास असेल, तर रोज कपांवर कप पिणे टाळावे. जास्वंद किंवा लिंबू असलेल्या चहात दूध घालू नये, ते फाटते. आणि नावात फळ आहे म्हणून मुलांना रात्री कप भरून देऊ नये. हिरव्या-काळ्या चहात कॅफिन असते, कपाला ढोबळमानाने २० ते ५० मिलिग्रॅम.

घरी करून पाहा

गवती चहा, आले, पुदिना घालून उकळलेला चहा आपल्या आज्या करत आल्या. सुगंधी मिश्रणाचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. गवती चहाच्या तेलातील मुख्य द्रव्य सिट्रल, आणि लिंबाच्या सालीला तजेला देणारेही तेच. म्हणजे निम्मा मोहितो परसदारी उगवलेलाच असतो.

मोहितो चहा (चार ग्लास) : ८ ग्रॅम साधा हिरवा चहा, पुदिन्याची १५-२० पाने, गवती चहाची एक पात, एका लिंबाची वरची हिरवी साल, अर्ध्या लिंबाचा रस, चार चमचे साखर, सोडा. लिंबू कोमट पाण्याने चोळून धुवावे. सालीचा पांढरा भाग घेऊ नये, तो कडू असतो. अर्धा लिटर पाणी उकळून थोडे निववावे, त्यात चहा, गवती चहा आणि साल घालून तीन मिनिटे झाकावे. गाळून साखर विरघळवावी आणि गार करावे. पुदिना ग्लासात हलकेच चुरडावा. ठेचला तर चटणीची चव येते. बर्फ, चहा, लिंबाचा रस आणि वरून सोडा.

ओल्ड फॅशन्ड ढंगाचा चहा (दोन कप) : ४ ग्रॅम आसामचा पानांचा काळा चहा, नागपुरी संत्र्याच्या सालीचा धुऊन वाळवलेला दोन बोटे रुंद तुकडा, दालचिनीचा लहान तुकडा, एक मिरी आणि खडीसाखर. दालचिनी व मिरी पाण्यात दोन मिनिटे उकळावी, आच बंद करून चहा आणि साल घालावी, चार मिनिटांनी गाळावे. दूध नको. दाणेदार सीटीसी चहा इथे घेऊ नये. तो दुधासाठीच जन्मलेला. एकटा पडला की उग्र होतो.

गार चहासाठी निलगिरीचे पान निवडावे. थंड झाल्यावरही ते बरेच नितळ राहते. गार चहाचे वेड अमेरिकेत पसरवण्यात १९०४च्या सेंट लुईसच्या जत्रेचा मोठा वाटा सांगतात, आणि तिथे उकाड्याने हैराण झालेल्या लोकांना बर्फ घालून पाजला जात होता तो हिंदुस्थानी चहाच. गार चहाच्या पाककृती त्याच्या आधीही छापल्या गेल्या होत्या, पण गर्दी जमली ती तेव्हा.

उघडलेला डबा घट्ट झाकणाचा, उन्हापासून आणि मसाल्यांपासून दूर असावा. सुगंधी चहा वर्षानुवर्षे जपायची वस्तू नव्हे. पान टिकले तरी गंध उडतो. दिवाळीत आलेला डबा पुढच्या दिवाळीला दुसऱ्याकडे सरकवण्याची प्रथा इथे तरी मोडावी.

नाव मोहितो असो की पीना कोलाडा, डबा आणला की पहिल्या कपाला नव्हे, दुसऱ्या कपाला निकाल विचारावा. सुगंध उडून गेल्यावरही मागे चहा उरत असेल, तर पैसे वाया गेले नाहीत. आणि उरत नसेल, तर परसातली गवती चहाची पात कोणत्याही परदेशी नावापेक्षा सरस आहे.